पाऊस चुकला की मुलाचा दंड का बारीक होतो?

बोटभर रुंदीची एक पट्टी असते. तिच्यावर तीन रंग: हिरवा, पिवळा, लाल. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही, ढिलीही ठेवायची नाही, आणि खाचेत कोणता रंग आला ते बघायचं. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा. साडेअकराच्या खाली लाल. मोठ्या माणसाने अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून कडं केलं, तर त्यात मावेल एवढाच तो घेर. लाल दिसलं की मूल तीव्र कुपोषित आहे आणि उपचार आजच सुरू व्हायला हवेत.

दुसरं एक मोजमाप आपल्या जास्त ओळखीचं आहे, पर्जन्यमापकाचं. किती मिलिमीटर पडला, सरासरीपेक्षा किती कमी, एल निनो आहे की नाही, पारा किती अंशांवर गेला. हवामान बदलाच्या बातम्या बहुतेक याच आकड्यांत येतात.

पर्जन्यमापक कोरडा पडणं आणि दंडाची पट्टी लाल होणं, या दोन्हींच्या मध्ये बहुतेक वेळा काही महिने जातात. त्या महिन्यांत घराघरांत काय घडत जातं आणि त्यात कुठे कुठे हात घालता येतो, हे पायरीपायरीने समजून घेण्यासाठी हा लेख आहे. मला स्वतःला हा विषय ज्या दिवशी असा पायऱ्यांमध्ये दिसला, त्या दिवसापासून ‘दुष्काळ आला, आता उपासमार होणारच’ हे वाक्य पटेनासं झालं.

अन्नसुरक्षा म्हणजे कोठारं भरलेली असणं का?

हा शब्द ऐकला की गोदामं आणि पोत्यांच्या थप्प्या डोळ्यांसमोर येतात. पण १९९६ मध्ये रोमला झालेल्या जागतिक अन्न परिषदेत जी व्याख्या ठरली, ती बरीच मोठी आहे. सगळ्या माणसांना, सगळ्या काळात, पुरेसं, सुरक्षित आणि पौष्टिक अन्न मिळवता येणं, म्हणजे अन्नसुरक्षा. अभ्यासक तिचे चार भाग करतात.

ते समजायला घरच्या पाण्याचं उदाहरण घेऊ. गावच्या टाकीत पाणी हवं, ही झाली उपलब्धता. टाकीपासून आपल्या घरापर्यंत नळ हवा, ही पोहोच. नळाखाली लावलेलं भांडं फुटकं नको, म्हणजे खाल्लेलं अन्न शरीराला लागायला हवं, हा झाला उपयोग. आणि नळाला आज पाणी, उद्या नाही, असं नको, हे सातत्य. चारांतलं एक बिघडलं तरी घरातलं माणूस तहानलेलंच राहतं.

जगाच्या टाकीत आज पाणी आहे. माणशी रोज सरासरी २,९०० किलोकॅलरींहून जास्त अन्न जगात उपलब्ध असतं, आणि बहुतेक माणसांना तेवढं लागतही नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते. पौष्टिक आहार परवडत नाही अशांची संख्या त्याहून कितीतरी मोठी, सुमारे २६० कोटी. म्हणजे पोट कसंबसं भरणारे, पण दूध, डाळी, अंडी, फळं, पालेभाज्या ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत असे लोक भुकेल्यांच्या जवळपास चौपट आहेत. हवामान बदलाचा पहिला फटका याच लोकांना बसतो.

धान्य असूनही भूक कशी?

हा प्रश्न अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडला. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि रस्त्यावरची उपाशी माणसं त्यांनी पाहिली होती. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून आकडेवारी तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की बंगालमध्ये त्या वर्षी तांदळाची तूट लाखो मृत्यूंचं कारण ठरावी एवढी मोठी नव्हती. तांदळाचे भाव मात्र भडकले होते आणि भूमिहीन मजुरांची, मासेमारांची कमाई तिथल्या तिथेच होती. बाजारात तांदूळ होता, पण तो विकत घेण्याची ताकद या लोकांच्या हातून गेली होती. या हिशेबाबद्दल अभ्यासकांत वाद झाले, अजूनही होतात. पण भूक समजून घेताना धान्याइतकंच माणसाच्या क्रयशक्तीकडे बघायला हवं, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली.

आता हेच हवामानाला लावून बघा. पाऊस गेला की शेतकऱ्याचं पीक जातं, हे सगळ्यांना दिसतं. पण पेरणीच झाली नाही तर खुरपणी नाही, कापणी नाही, म्हणजे मजुराला कामही नाही. त्याचं स्वतःचं पीक बुडालेलं नसतं, कारण त्याच्याकडे जमीनच नसते. नुकसानीच्या पंचनाम्यात त्याचं नाव येत नाही. उन्हाळा कडक झाला की दुपारी काम करवत नाही, मग दिवसाची कमाई आणखी घटते. जनावरांवर जगणाऱ्यांचं गणित तर दोन्हीकडून बिघडतं. चारा संपतो, सगळे एकाच वेळी जनावरं विकायला काढतात, त्यामुळे जनावराचा भाव पडतो आणि त्याच आठवड्यात धान्याचा भाव चढतो. एक शेळी विकून पूर्वी जेवढं धान्य घरी यायचं, त्याच्या कितीतरी कमी आता येतं.

आणि हे सगळं आपल्याच भागातल्या पावसावर अवलंबून असतं असंही नाही. २०१० च्या उन्हाळ्यात रशियात उष्णतेची भीषण लाट आली, गहू करपला आणि ऑगस्टमध्ये रशियाने धान्य निर्यातीवर बंदी घातली. जगभर गव्हाचे भाव उसळले. हजारो किलोमीटरवरच्या आयात करणाऱ्या देशांत पाव महागला, आणि तिथल्या गरिबांचा त्या लाटेशी काडीचाही संबंध नव्हता.

घरात नेमकं काय बदलतं?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि बाहेरच्याला सगळ्यात कमी दिसणारी. कमाई घटली म्हणून कुटुंब लगेच उपाशी राहत नाही. आधी ताटातले रंग जातात. दूध बंद होतं, मग फळ, मग डाळ पातळ होते, पालेभाजी आठवड्यातून एकदा येते. मुख्य धान्य मात्र ताटात असतंच, कारण पोट भरण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच असतो. कोणी येऊन विचारलं, ‘दोन वेळा जेवता का?’, तर उत्तर ‘हो’ असतं, आणि ते खरंही असतं.

पण याच काळात लोह, जस्त, अ जीवनसत्त्व, आयोडीन अशी द्रव्यं शरीरात कमी पडू लागतात. ती रोज अगदी थोडी लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म पोषकद्रव्यं म्हणतात आणि त्यांच्या कमतरतेला ‘छुपी भूक’. पोटात कावळे ओरडत नाहीत, मूल रडत नाही. ते फक्त लवकर दमतं, वारंवार आजारी पडतं, शाळेत त्याचं लक्ष लागत नाही.

पुढच्या पायरीवर जेवणाची वेळ एकाने कमी होते. आणि जगाच्या बऱ्याच भागांत, अगदी वेगवेगळ्या समाजांत, या वेळी एकच गोष्ट घडते: आई शेवटी जेवते आणि उरलं तेवढंच जेवते. ती गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर तिचा उपास एकटीचा राहत नाही.

मग उधारी. मग भांडीकुंडी, दागिना, जनावर विकणं. मग मोठ्या मुलीची शाळा सुटते. मग बियाण्यासाठी राखून ठेवलेलं धान्य दळलं जातं. ही शेवटची पायरी फार घातक, कारण पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी पेरायला काही उरत नाही. ताटातली डाळ पातळ झाली तर ती चार महिन्यांनी पुन्हा घट्ट होऊ शकते. विकलेली गाय आणि सुटलेली शाळा इतक्या सहज परत येत नाही.

मुलाच्या शरीराचंही असंच आहे. उंचीच्या मानाने वजन फार कमी होणं, म्हणजे रोडावणं, उपचारांनी बहुधा भरून निघतं. वयाच्या मानाने उंचीच कमी राहणं, म्हणजे खुरटणं, ही गोष्ट वेगळी. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत साधारण १,००० दिवस होतात, आणि मेंदूची, हाडांची, रोगप्रतिकाराची पायाभरणी त्यातच होते. या दिवसांत झालेली हानी नंतर पुरती भरून निघणं अवघड असतं. २०२४ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुलं खुरटलेली होती आणि सव्वाचार कोटींहून जास्त रोडावलेली. एकाच दुष्काळी वर्षात जन्मलेलं मूल तो दुष्काळ विसरला गेल्यावरही आपल्या अंगावर वागवत असतं.

खाल्लेलं अंगी का लागत नाही?

आता फुटक्या भांड्याकडे येऊ. महापूर येतो तेव्हा विहिरीत, हातपंपात, साठवणीच्या टाकीत घाण पाणी शिरतं. दुष्काळात उलट होतं: पाणी आटतं, माणसं आणि जनावरं एकाच डबक्यावर येतात. दोन्हींचा शेवट अतिसारात होतो. जुलाब झालेलं मूल खात नाही, खाल्लेलं शरीरात थांबत नाही, आणि जंतूंशी लढायला उलट जास्त ऊर्जा खर्च होते. असं पुन्हापुन्हा झालं की आतड्याचं अस्तरच खराब होतं. मग जुलाब थांबले तरी पोषण नीट शोषलं जात नाही.

यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे शौचालयं बांधा, हात धुवायला लावा, मुलं वाढू लागतील. इथे मात्र थोडं थांबायला हवं. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये हजारो कुटुंबांवर याच कल्पनेचे मोठे, काळजीपूर्वक आखलेले प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. साधी शौचालयं, साबण आणि पाणी शुद्ध करण्याचं औषध एवढ्यावर मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. बांगलादेशात जुलाब कमी झालेच. पण अंगणात जनावरं, मातीत खेळणारं रांगतं बाळ आणि भरवशाचं नळाचं पाणी नाही, अशा घरात एक शौचालय पुरत नाही. अर्धवट दुरुस्तीने भांडं गळायचं थांबत नाही, एवढं या प्रयोगांनी दाखवून दिलं.

आणखी एक गळती वेळेची. पाण्यासाठी रोज दोन तास जास्त चालावं लागलं, तर ते दोन तास आईच्याच दिवसातून जातात. बाळाला पाजायच्या वेळा चुकतात, वरचं अन्न शिजवून भरवायला कोणी नसतं, मूल तापलं तर दवाखान्यात न्यायचं उद्यावर जातं. पोषणाच्या योजना आखताना आईच्या वेळेचा हिशेब फार थोडे लोक करतात, आणि मला ही मोठी चूक वाटते.

कार्बन डायऑक्साइडने तर झाडं जोमाने वाढतात ना?

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच अन्न बनवतात. तो वाढला की गहू, तांदूळ, कडधान्यं यांची वाढ काही प्रमाणात जोर धरते. पण त्यासोबत दोन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे उष्णता. २०१७ मध्ये अनेक पद्धतींनी केलेले अंदाज एकत्र करून बघितले गेले. जगाचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं आणि बाकी काहीच बदललं नाही, तर मक्याचं उत्पादन सुमारे ७.४ टक्के, गव्हाचं ६ टक्के, तांदळाचं ३.२ टक्के घटेल, असं त्यातून निघालं.

दुसरी गोष्ट लोकांना कमी माहीत आहे. एखादा पदार्थ तेवढ्याच मसाल्यात पाणी घालून वाढवला तर पातेलं भरलेलं दिसतं, चव पातळ होते. धान्याचंही काहीसं तसंच होतं: पिष्ट वाढतं, त्या मानाने खनिजं आणि प्रथिनं वाढत नाहीत. शेतात उघड्यावर कार्बन डायऑक्साइड सोडून, या शतकाच्या मध्याच्या सुमारास अपेक्षित असलेल्या पातळीवर पिकं वाढवून बघितली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात गव्हातलं जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिनं ६.३ टक्के कमी आढळली. मका, ज्वारी यांसारख्या पिकांवर हा परिणाम बराच कमी दिसला, कारण त्यांची अन्न बनवण्याची रीत वेगळी आहे.

नऊ टक्के म्हणजे काही फार नाही, असं ज्याच्या ताटात चार पदार्थ आहेत त्याला वाटेल. त्याचं जस्त दुसरीकडून भरून निघतं. ज्याच्या ताटात भात किंवा गहूच जवळजवळ सगळं काही आहे, त्याच्यासाठी ही घट थेट रक्तात उतरते.

मग हात कुठे घालायचा?

माझ्या मते सगळ्यात आधी पैशाच्या पायरीवर, आणि संकट दारात येण्यापूर्वी. २०२० च्या जुलैत बांगलादेशात असं करून बघितलं गेलं. जमुनेला, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या तिथल्या प्रवाहाला, मोठा पूर येणार असा अंदाज आला. एरवी मदत पूर ओसरल्यावर पोचते: आधी नुकसान मोजायचं, मग निधी मागायचा, मग वाटप. या वेळी निकष आधीच ठरवून ठेवले होते. अंदाज ठरलेल्या पातळीच्या पुढे गेला आणि पैसा सुटला. पाणी शिखरावर पोचायच्या आधी वीस हजारांहून जास्त कुटुंबांच्या मोबाइल खात्यांत ४,५०० टाका (तिथलं चलन) आले. रक्कम मोठी नव्हती. पण त्यातून लोकांनी धान्य भरलं, जनावरं उंचावर हलवली. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की पैसे मिळालेल्या घरांत पुराच्या काळात अख्खा दिवस उपाशी जाण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती. तीन महिन्यांनंतरही त्यांचं जेवण इतरांपेक्षा बरं होतं.

हीच कल्पना दुसऱ्या रूपांतही चालते. इथिओपियात २००५ पासून एक मोठी योजना आहे. ज्या लाखो कुटुंबांना दर वर्षी काही महिने अन्न पुरत नाही, त्यांना मदतीसाठी दर वेळी नव्याने हात पसरावा लागू नये म्हणून ठरलेल्या महिन्यांत रोकड किंवा धान्य मिळतं. बदल्यात धडधाकट माणसं बांधबंदिस्ती, पाणी अडवणं, रस्ते अशी कामं करतात. गरोदर बायकांना आणि काम न झेपणाऱ्यांना कामाशिवाय मदत मिळते. केनियाच्या उत्तरेकडच्या कोरड्या भागात उपग्रह हिरवळ मोजतो. ती फार घटली की नेहमीच्या लाभार्थ्यांखेरीज आणखी कुटुंबांच्या खात्यांतही पैसे जातात, पंचनाम्याची वाट न बघता.

गरिबाच्या हातात रोकड दिली तर तो दारू-तंबाखूवर उडवेल, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. हा प्रश्न जगभरच्या १९ अभ्यासांवरून २०१४ मध्ये तपासला गेला. असा खर्च वाढल्याचा पुरावा मिळाला नाही; कितीतरी ठिकाणी तो घटलेला दिसला. रोख मदतीची खरी मर्यादा वेगळीच आहे. बाजारात धान्यच नसेल, रस्ते तुटले असतील, युद्ध चालू असेल, तर नोटा शिजवून खाता येत नाहीत. तिथे धान्यच पोचवावं लागतं.

शेतात काय बदलता येतं?

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या उत्तरेला, सहारा वाळवंटालगतच्या साहेल या कोरड्या पट्ट्यात, याकूबा सावाडोगो नावाचा शेतकरी होता. १९८० च्या दशकात तिथे ओळीने दुष्काळ पडत होते, जमीन भाजलेल्या विटेसारखी टणक झाली होती आणि गावं ओस पडत होती. त्याने जुनीच एक रीत हाती घेतली, तिला तिथे ‘झाई’ म्हणतात. कोरड्या दिवसांत जमिनीत वीतभर खोल आणि त्याहून थोडे रुंद खड्डे खणायचे, त्याने ते नेहमीपेक्षा मोठे केले. प्रत्येकात शेणखत आणि काडीकचरा टाकायचा. त्या खताला वाळवी लागते, आणि इथे ती हवीच असते. ती कचरा खात खाली बिळं पोखरते, टणक थर सच्छिद्र होतो. पहिला पाऊस आला की एरवी वाहून जाणारं पाणी खड्ड्यात थांबतं, बिळांतून खाली मुरतं आणि बी नेमकं ओलाव्यात रुजतं. पाऊस दोन आठवडे लांबला तरी रोप तग धरतं. सावाडोगोला आधी लोकांनी वेड्यात काढलं. २०१८ मध्ये त्याला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये तो वारला, तोवर त्याने उजाड जमिनीवर अख्खं जंगल उभं केलं होतं. मेहनत मात्र अफाट लागते. हे काम सुचवणाऱ्याने एक दिवस कुदळ हातात घेऊन बघावी.

प्रयोगशाळेचंही देणं आहे, आणि जुनं चांगलं, नवं वाईट असा वाद मला निरर्थक वाटतो. साध्या भाताचं रोप आठवडाभर पुराखाली राहिलं की बहुधा कुजतं. ओडिशातल्या एका जुन्या वाणात पाण्याखाली वाढ थांबवून ताकद राखून ठेवण्याचा गुण सापडला, त्याचं जनुक ओळखलं गेलं आणि ते लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणलं गेलं. भारतात २००९ मध्ये आलेला ‘स्वर्णा-सब१’ साधारण दोन आठवडे बुडाला तरी तरतो. २०१३ मध्ये ओडिशातल्याच एका अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. पूर येणाऱ्या सखल जमिनी जास्त करून दलित शेतकऱ्यांकडे होत्या, त्यामुळे या वाणाचा फायदाही त्यांना जास्त होण्यासारखा होता. बियाणं कोणाच्या वाट्याच्या जमिनीसाठी आहे, हे बघणंही संशोधनच आहे.

पोषण वाढवलेल्या पिकांत केशरी गराच्या रताळ्याचं उदाहरण ठळक आहे. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत पांढऱ्या गराची रताळी पूर्वीपासून खातात, पण त्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. केशरी वाणाचं एक मध्यम रताळं लहान मुलाची दिवसभराची गरज भागवतं. मोझांबिक आणि युगांडामध्ये हे वाण रुजवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. वाण नुसतं वाटून हे झालं नव्हतं. मुलांना ते का खायला द्यायचं, हे घरोघरी आयांशी बोलावं लागलं होतं.

शेतात चार पिकं आली की ताटात चार पदार्थ येतीलच, असंही नाही. विकून आलेला पैसा कोणाच्या हातात राहतो, यावर बरंच ठरतं. म्हणून बियाण्याच्या योजनेत बायकांचं नाव, खातं आणि मत असायला हवं.

शेतकऱ्याला भरवशाचं गिऱ्हाईक देण्याचा एक चांगला मार्ग ब्राझीलने काढला. तिथे २००९ च्या कायद्याने शाळेतल्या जेवणासाठीच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग लहान कुटुंबशेतीतल्या मालावर खर्च करणं बंधनकारक झालं. मुलाला ताजं अन्न आणि शेतकऱ्याला बाजार, दोन्ही एकाच खर्चात.

आणि पट्टी लाल झालीच तर?

तरीही उशीर झालेला नसतो. पूर्वी तीव्र कुपोषित मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागे आणि बाकीची मुलं घरी सोडून आईला तिथेच बसावं लागे. १९९६ मध्ये आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने शेंगदाण्याचं लोणी, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांची पेस्ट तयार करण्यात पुढाकार घेतला. तिला पाणी लागत नाही, शिजवावी लागत नाही आणि उन्हात लवकर खराब होत नाही. एका पाकिटात ९२ ग्रॅम, सुमारे ५०० किलोकॅलरी. ताप किंवा दुसरी गुंतागुंत नसेल तर मूल घरीच हे खाऊन बहुधा सहा-आठ आठवड्यांत सावरतं. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या घरगुती उपचाराला अधिकृत पाठिंबा दिला.

हे सगळं माहीत असूनही लोक का मरतात?

सोमालियाचे दोन दुष्काळ शेजारी ठेवून बघा. २०१०-११ मध्ये पाऊस चुकला, धान्य महागलं, युद्ध चालू होतं आणि सशस्त्र गट मदत अडवत होते. पूर्वसूचना २०१० च्या ऑगस्टपासून मिळत होत्या. उपासमारीचा दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला जुलै २०११ मध्ये, आणि पैसा खऱ्या अर्थाने वाहू लागला तो त्यानंतर. सुमारे २,५८,००० लोक गेले. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती, आणि मृत्यूंचा मोठा भाग घोषणेच्या आधीच होऊन गेला होता.

२०२० पासून त्याच देशात ओळीने पाच पावसाळे फसले (तिथे वर्षात दोन पावसाळे असतात). कोरडेपणाच्या मापाने हा दुष्काळ आधीच्यापेक्षा भयंकर होता. या वेळी मदत मोठ्या प्रमाणावर आली, तीही बरीच उशिरा, पण घोषणेची वाट न बघता. २०२२ मध्ये सुमारे ४३,००० जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हा आकडा मन पिळवटणाराच आहे. पण आधीच्या आकड्याशेजारी ठेवला की घोषणेआधी पोचलेल्या पैशाचं वजन कळतं.

मदतीचा हा पैसा कोणी द्यायचा, हा वाद जुना आहे. ज्या देशांनी हवेत सगळ्यात कमी धूर सोडला, तेच सगळ्यात जास्त सोसतात. त्यांच्या भरपाईसाठी निधी उभारायचं २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला, आणि गरजेच्या मानाने त्यात जमा होणारा पैसा फारच तोकडा आहे. उलट दिशेनेही पावलं पडत आहेत. १९८५ पासून दुष्काळाची पूर्वसूचना देणारं, अमेरिकेच्या पैशावर चालणारं ‘फ्यूजनेट’ हे जाळं जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवल्यावर काही महिने बंद पडलं. पुढे ते पुन्हा चालू झालं, पण मधल्या काळात ज्यांचे पावसाळे फसत होते त्यांच्यासाठी ते डोळे मिटलेलेच होते.

नायजरमध्ये काही वर्षांपूर्वी दंडाची ती पट्टी आयांच्याच हातात देऊन बघितली. अक्षरओळख नसलेल्या बायकाही थोड्या शिकवणीनंतर प्रशिक्षित आरोग्यसेविकांइतकंच बरोबर मोजू लागल्या. बाळाला अंघोळ घालताना, कपडे बदलताना त्या सहज दंड मोजतात. त्या भागातली मुलं उपचार केंद्रात लवकर पोचू लागली, दंडाचा घेर फार घटायच्या आधी, आणि दवाखान्यात दाखल करावं लागणाऱ्यांची संख्या कमी झाली. आई आपलं काम वेळेवर करते. ती बाळाला कडेवर घेऊन केंद्रात पोचते तेव्हा तिथल्या खोक्यात पाकिटं शिल्लक आहेत की नाहीत, हे मात्र फार दूरच्या एखाद्या शहरात, काही महिन्यांपूर्वी ठरलेलं असतं.